ऊन काय, सगळ्यांनाच लागतं

मे महिन्यात बीडमध्ये कुणालाही फोन केला तरी ख्यालीखुशालीच्या आधी उन्हाची चौकशी होते. "काय म्हणतंय ऊन?" "काय म्हणणार, जीव काढतंय." मग दोन्हीकडून एक उसासा, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : "चालायचंच. ऊन काय, सगळ्यांनाच लागतं." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि स्वतःही असंख्य वेळा म्हटलं आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. वाक्यांतले दोष शोधायला शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तरीही या वाक्याकडे त्या नजरेनं पाहायला मला २०१९ चा मे महिना उजाडावा लागला.

त्याआधी आमच्या उन्हाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ऊन सगळीकडे एका जातीचं नसतं. कोकणात किंवा मुंबईत घाम अंगावर साचून राहतो आणि माणूस भिजून हैराण होतो. बीड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, बालाघाटच्या माथ्यावर आणि पायथ्याशी पसरलेलं. वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही येईलच याची खात्री नाही. एप्रिल-मेमधली हवा इतकी कोरडी असते की घाम आला हे कळायच्या आत तो उडून गेलेला असतो. संध्याकाळी ब्लाऊजवर नुसते मिठाचे पांढरे डाग दिसतात. या कोरडेपणाचा एक फायदाही आहे. डेऱ्यातलं पाणी आमच्याकडे जसं गार होतं तसं मुंबईत होत नाही. डेऱ्याच्या अंगातून पाझरलेलं पाणी हवेत उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. वाळ्याचे ताटे, कूलर, दारावर टाकलेलं ओलं पोतं आणि आपली स्वतःची कातडी, या सगळ्यांचं काम याच एका तत्त्वावर चालतं. म्हणजे कोरड्या उन्हात गारवा हे पाण्याचंच दुसरं नाव आहे. ज्याच्याकडे पाणी जास्त, त्याच्याकडे ऊन कमी.

२०१९ साली पाणी नव्हतं. जिल्ह्यात दुष्काळ होता, चारा छावण्या भरलेल्या होत्या, आणि शहरात ज्यांना परवडत होतं ते टँकर विकत घेत होते. त्याच उन्हाळ्यात आम्ही घर बांधायला काढलं होतं.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. सागवानी तुळया, वर फळ्या, त्यावर हात-दीड हात जाडीचा मातीचा थर. भर दुपारी आत शिरलं की डोळे निवायचे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यांतली कित्येक अशाच मातीच्या आणि दगडाच्या ओझ्याखाली गेली. आम्ही तिथून बरेच लांब; पण त्यानंतर माझे वडील कधी माळवदाखाली निर्धास्त झोपले नाहीत. गार घर धोक्याचं ठरलं, आणि मराठवाडा हळूहळू पत्र्याखाली आणि स्लॅबखाली गेला. आम्ही उशिरा गेलो इतकंच.

स्लॅबच्या दिवशी पहाटे पाचला सुरुवात करून अकराच्या आत आटपायचं, असं इंजिनिअरनं बजावलं होतं. कारण सिमेंटचं होतं. फार उन्हात टाकलेल्या काँक्रीटमधलं पाणी लवकर उडतं, वरून भेगा पडतात. पण टँकर नऊ वाजता आला. गुत्तेदारानं विचारलं, "मॅडम, उद्या घ्यायचं का?" उद्या मिक्सर दुसऱ्या साइटवर जाणार होता, मग चार-पाच दिवस मिळणार नव्हता. पुण्याहून स्लॅबसाठी मुद्दाम आलेले दीर संध्याकाळी परत निघणार होते. टँकरचे पैसे गेलेलेच होते. मी म्हणाले, "नको, आजच उरकून टाका."

या चार शब्दांशी माझा हिशोब अजून मिटलेला नाही.

स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही. आधीचा थर आणि नंतरचा थर एकजीव होत नाहीत, सांधा राहतो, पुढे तिथून पाणी गळतं. त्यामुळे घमेल्यांची साखळी चालूच राहिली. मी शेजारच्या लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. अकराच्या सुमाराला मी सगळ्यांना लिंबू सरबत दिलं आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकीही दिली.

एकच्या आसपास साखळीतली एक बाई घमेलं हातात धरून तशीच उभी राहिली. पंचेचाळिशीची असेल. साखर कारखान्यावरून, ऊसतोडीवरून परतून तिला महिनाही झाला नव्हता. पुढच्या बाईनं घमेलं मागितलं, तेव्हा तिनं विचारलं, "दळण आणलं का?" सगळे हसले. तिनं पुन्हा तेच विचारलं, आणि मग कुणी हसलं नाही. तिला खाली आणली तेव्हा मी तिचा हात धरला. तो चुलीजवळच्या भांड्यासारखा तापलेला होता, आणि कोरडा ठक्क. घाम आलेला नाही म्हणजे ऊन फारसं बाधलं नसेल, असं माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला वाटलं. नंतर डॉक्टर म्हणाले की अंग तापलेलं, घाम थांबलेला आणि माणूस बरळतोय, म्हणजे उष्माघात. आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं.

दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षा येईपर्यंत तिला लिंबाखाली निजवलं. एका पोरानं धावत जाऊन पलीकडच्या नव्या कॉलमला गुंडाळलेलं ओलं पोतं सोडवून आणलं आणि तिच्या अंगावर टाकलं. तेव्हा माझं लक्ष गेलं. ताज्या कॉलमला उन्हात पोतं गुंडाळतात, त्यावर दिवसातून तीनदा पाणी मारतात. स्लॅबवर तर वाफे करून आठ-पंधरा दिवस पाणी साठवून ठेवतात. काँक्रीट उन्हात वाळू देऊ नये हा नियम आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्या बांधकामावर उन्हापासून जपण्याची शिस्त होती, पद्धत होती, विकत घेतलेलं पाणी होतं. फक्त ते सगळं काँक्रीटसाठी होतं.

वर साखळी थांबली नव्हती. दोघीजणी थोड्या थोड्या सरकल्या आणि तिची जागा भरून निघाली.

ती वाचली. दोन दिवस सलाईनवर होती. दवाखान्याचं बिल मी दिलं. पाचव्या दिवशी ती लेकीला घेऊन घरी आली. मुकादमानं तिच्या नावावर अर्धा रोज मांडला होता आणि तेवढाही अजून हातात दिला नव्हता, म्हणून. मी पूर्ण रोज दिला, वर एक साडी दिली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "त्या दिवशी ऊनच फार होतं हो मावशी." तीच मला समजावू लागली. "ताई, उन्हाचं काय घिऊन बसलाव. ऊन काय, समद्यालाच लागतंय."

तिच्या तोंडून ते ऐकल्यावर मला मोकळं वाटलं. रात्री त्या मोकळं वाटण्याचीच लाज वाटली. त्या लाजेपासून हा लेख सुरू होतो.

माझ्या विषयात एका दोषाला अनेकार्थता म्हणतात. युक्तिवादात एकच शब्द दोन जागी दोन अर्थांनी येतो, आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. "ऊन सगळ्यांनाच लागतं" या वाक्यात 'ऊन' म्हणजे आकाशातून येणारं, आणि 'ऊन' म्हणजे अंगात शिरणारं, असे दोन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. पहिलं खरोखरच सगळ्यांचं आहे. मेच्या मध्यावर बीडमध्ये शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या थोडं आधी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. त्या घटकेला सूर्य मालकिणीत आणि बिगारणीत फरक करत नाही. दुसरं ऊन मात्र छत, पाणी, कामाची वेळ आणि "आता बास" म्हणण्याची ऐपत यांतून गाळून अंगापर्यंत पोचतं. पहिल्याबद्दल खरं असलेलं विधान आपण दुसऱ्याला चिकटवतो आणि समतेचं पुण्य पदरात पाडून घेतो.

आकडेही या गफलतीला हातभार लावतात. पेपरात "बीड ४२ अंश" असं छापून येतं. हवामान खात्याचा तापमापक झिरपट्ट्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून वर, हवा खेळेल पण ऊन शिरणार नाही असा ठेवलेला असतो. मोजण्याची ती शास्त्रशुद्ध रीत आहे, त्यात काही खोट नाही. पण याचा अर्थ असा की तो आकडा सावलीतला आहे. स्लॅबवर उभ्या असलेल्या बाईचं ऊन त्यात मोजलेलंच नाही. शिवाय सपाट प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर व्हायला पारा किमान ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढा लागतो, किंवा थेट ४५ व्हावा लागतो. जिथे मेमध्ये चाळीस-एक्केचाळीस नेहमीचंच, तिथे बेचाळीसला लाट म्हणत नाहीत. तो नुसता मंगळवार असतो.

जपानी तत्त्वज्ञ तेत्सुरो वात्सुजी यांचं 'फूदो' नावाचं हवामानावरचं पुस्तक १९३५ साली आलं. त्यातला एक विचार मला फार आवडतो. थंडी वाजते तेव्हा ती 'मला' वाजते असं आपण म्हणतो, पण खरं तर ती 'आपल्याला' वाजत असते. म्हणून तर भेटल्यावर आपण एकमेकांशी हवेबद्दल बोलू शकतो. हवामानात माणूस स्वतःला एकटा सापडत नाही, इतरांसोबत सापडतो. आमच्या फोनवरच्या उसाशांचं याहून चांगलं समर्थन मी वाचलेलं नाही. वात्सुजी १९२७ मध्ये बोटीनं युरोपला जात असताना त्यांनी एडन पाहिलं. समुद्राकाठचं ते रखरखीत गाव आणि गवताचं पातंही नसलेले त्याचे काळे डोंगर पाहून त्यांना वाळवंट म्हणजे काय ते उमगलं. वाळवंटी माणूस निसर्गाशी झुंजतो आणि मोसमी प्रदेशातला माणूस सोसतो, अशी त्यांची मांडणी. भारत त्यांनी मोसमी प्रदेशात घातला. मेमधलं बीड त्यांनी पाहिलं असतं तर कुठे घातलं असतं, असा प्रश्न मला पडतो. ऊन वाळवंटाचं आणि सोसणं मोसमी!

पण माझी अडचण त्यांच्या 'आपल्याला' या शब्दापाशी आहे. हा 'आपण' कोण? लिंबाखालची मी आणि स्लॅबवरची ती, आम्ही दोघी एकाच उन्हाबद्दल बोलू शकत होतो, हे खरं. तेवढ्यानं आम्ही एका उन्हात होतो असं होत नाही. भाषा सामायिक असली की अनुभवही सामायिक आहे असा भास होतो. आणि तो भास ज्याला परवडतो, तोच बहुधा "आपण" म्हणत असतो.

ज्युडिथ श्क्लार या राज्यशास्त्राच्या विदुषीनं १९९० मध्ये लिहिलेल्या 'द फेसेस ऑफ इन्जस्टिस' या पुस्तकाच्या मुळाशी एक प्रश्न आहे : संकट हे दुर्दैव कधी असतं आणि अन्याय कधी? आपण साधा नियम लावतो. निसर्गानं केलं ते दुर्दैव, माणसानं केलं तो अन्याय. त्यांचं म्हणणं असं की ही रेघ ठाम नाही, आणि ती कुठे मारायची हे बहुतेक वेळा ज्याला झळ लागलेली नाही तो ठरवतो. जमीन हलली हे दुर्दैव. पण डोक्यावर किती टनांची माती होती आणि ती का होती, हा प्रश्न माणसांचा आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या सरकारी पुरस्कार सोहळ्यात लाखो लोक मैदानात भर उन्हात बसले होते आणि मंचावर छत होतं. चौदा माणसं दगावली. त्या दिवशीचा पारा बीडकरांना सांगितला तर ते हसतील, अडतीसच्या आसपास. ऊन एकच होतं, मांडव मात्र मोजक्या माणसांपुरता होता.

मग माझ्या स्लॅबवर काय घडलं? दुर्दैव म्हणावं तर "आजच उरकून टाका" हे वाक्य आडवं येतं. अन्याय म्हणावं तर मन लगेच वकिली करतं : मी काही कुणाला मारायला निघाले नव्हते, सरबत दिलं होतं, बिल भरलं होतं. पण ही वकिलीच सगळं सांगून जाते. बिल भरताना माझ्या मनात शब्द होता 'मदत'. मदत ही न केली तरी चालली असती अशी गोष्ट असते, म्हणून ती करणाऱ्याला मोठेपणा मिळतो. मी दिलं ते देणं होतं. स्वतःच्या देण्याला मदत म्हणणं म्हणजे उसने पैसे परत करून वर आशीर्वाद मागण्यासारखं आहे.

आणि तिच्या वाक्याचं काय? तेच शब्द, पण तिच्या तोंडी ते खोटे नव्हते. जिच्या अंगात ऊन शिरलं, ती जेव्हा "समद्यालाच लागतंय" म्हणते, तेव्हा ती समोरच्याला आपल्या बरोबरीनं बसवते, अपराधातून सोडवते, आणि स्वतःची कीव होऊ देत नाही. ते तिचं औदार्य होतं. तेच वाक्य मी म्हणते तेव्हा ती पळवाट होते. वाक्य खरं की खोटं हे तपासायला मी वर्षानुवर्षं शिकवलं. ते कोण, कुठे बसून म्हणतंय, हा तर्कशास्त्राच्या पुस्तकातला प्रश्न नाही. नीतीचा आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात कंपाऊंडची भिंत बांधायची होती. या वेळी मी ठरवलं : सकाळी सहा ते अकरा, दुपारी चार ते सात, रोज पूर्ण. मुकादम हसला, पण कबूल झाला. दुसऱ्या आठवड्यात मला कळलं की दोघं बिगारी दुपारच्या सुट्टीत तिसऱ्या गल्लीत विटांची गाडी खाली करायला जातात. मला राग आला. मी सावली विकत घेऊन दिली आणि यांनी ती विकून टाकली! राग ओसरल्यावर लक्षात आलं की त्यात विश्वासघात वगैरे काही नव्हता. ज्याच्या डोक्यावर कारखान्याच्या उचलीचं कर्ज आहे, त्याला दुपारी झोपायला सांगणं सोपं आहे; त्या झोपेची किंमत तो जाणतो. एकट्या मालकिणीनं दिलेली सावली ही अशी पातळ असते. शेजारच्या साइटवर ऊन चालू असेल तर ती टिकत नाही.

त्याच सुमाराला आमच्या गवंड्याचा मुलगा कतारमध्ये, दोह्याला होता. ते समुद्राकाठचं वाळवंट, ऊन आमच्याहून भयंकर. तिथे २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे. कतार मजुरांच्या बाबतीत पुण्यवान आहे असं मला म्हणायचं नाही. बाहेरच्या मजुरांचे हाल आणि मृत्यू यांवरून जगभर ओरड झाली, त्यानंतर तो नियम इतका कडक झाला. पण गवंडी म्हणाला ते खरं : "तिथं मालकाला इच्चारायची गरजच नाही. मिक्सरच बंद असतो."

मिक्सरच बंद असतो. माझ्या त्या चार शब्दांना याहून नेमकं उत्तर नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात सूचना निघते की दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. ती वाचणाऱ्याला घर आहे आणि आत थांबण्याची रजाही आहे, असं ती गृहीत धरते. कुणी म्हणेल, स्वतःहून उन्हात राबू पाहणाऱ्याला अडवणारे आपण कोण? आक्षेप रास्त आहे. आणि रोज बुडवून दिलेली विश्रांती म्हणजे उपासच. म्हणून तास बुडवायचे नाहीत, पहाटेकडे आणि संध्याकाळकडे सरकवायचे. त्या दिवशी शहरातला एकही मिक्सर दुपारी चालणार नाही असं असतं, तर माझा मिक्सर उद्या दुसरीकडे जाण्याची घाई नव्हती, गुत्तेदाराला माझी मर्जी विचारावी लागली नसती, आणि त्या बाईला साखळी सोडून सावलीत जाणारी एकटी ठरण्याची भीती राहिली नसती. सोसणं हा आमच्या हवेचा गुण असेलही. सोसायला लावणं हा हवेचा गुण नाही.

घर उत्तम झालं आहे. स्लॅब कुठेही गळत नाही, एकही भेग नाही. पाणी भरपूर मारलं होतं ना. मेमध्ये मात्र वरच्या खोलीत रात्री दहापर्यंत बसवत नाही. दिवसभर आत घेतलेलं ऊन स्लॅब सावकाश परत देत असतो. परवा बहिणीचा मुंबईहून फोन आला. "काय म्हणतंय ऊन?" मी सांगितलं, बेचाळीस. ती म्हणाली, "चालायचंच. सगळ्यांनाच लागतं." मी नेहमीप्रमाणे हो म्हणणार होते. समोरच्या प्लॉटवर कुणाचातरी स्लॅब चालू होता, दुपारचा दीड वाजला होता. मी तिला म्हटलं, "जरा थांब, मी समोर जाऊन येते," आणि फोन ठेवला.